रेमिंग्टनला साजूक तूप

यंत्रात कुठे फट दिसली की निशिकांत देवस्थळींना चैन पडत नसे. परदेशात, तुआसच्या कारखान्यात अठरा वर्षं सुटे भाग तपासून जडलेली ही खोड. त्यामुळे नेमबाजी क्लबातल्या बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या दोन जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांपैकी त्यांनी रेमिंग्टन पसंत केलं आणि कोल्ट पाहून नाक मुरडलं.

कोल्टचं डोकं उघडं, नळी एका पाचरीच्या भरवशावर, आणि नेम धरायची खाच चक्क घोड्यावर! रेमिंग्टनला वरून पोलादी पट्टी, खाच त्या पट्टीतच कोरलेली. पण कोल्टच्या गोळ्या भरायच्या चक्राचा आस जाड, त्याच्या खाचांत वंगण टिकतं आणि काजळीतही चक्र फिरत राहतं. रेमिंग्टनचा आस बारीक, तो लवकर आवळतो. प्रशिक्षक गोह यांनी हे शंभरदा सांगितलं होतं. ऐकतो कोण!

महिनाअखेर निवृत्ती होती, तिच्याबरोबर या देशात राहायचा पासही संपणार. वार्षिक स्पर्धेची ही शेवटची संधी, आणि विजेत्यांच्या फलकावर नाव लागावं एवढी एकच हौस उरली होती. सरावात मात्र सातव्या गोळीलाच चक्र गच्च बसलं.

"अंकल, कोल्ट बेटर लाह," गोह तिथल्या इंग्रजीच्या ढबीत म्हणाले.

जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर तोंड पाडून बसलेल्या नवऱ्याला सुलेखाताईंनी विचारलं, "वंगण कसलं घालता?"

"मशीनचं तेल. गोह चरबी लावा म्हणतात. मी हात लावणार नाही चरबीला!"

"मग त्या तेलात काजळी मिसळून डांबरच होणार. तूप लावा की! लोणी नको, बाजारच्या लोण्यात मीठ असतं, गंज चढेल."

त्यांनी तुपात मेण वितळवून डबी भरून दिली.

स्पर्धेत तेरा गोळ्या, अर्धा तास. शेजारच्याच्या कोल्टमध्ये दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीचा फुटका तुकडा अडकला आणि तो काडीने उकरत बसला. निशिकांतरावांचं चक्र सातव्या गोळीला फिरलं, दहाव्याला फिरलं. तेरावी गोळी काळ्या ठिपक्याच्या मधोमध बसली, तेव्हा त्यांचे डोळे धुराने नव्हे, आनंदाने भरून आले. दोन गुणांनी ते पहिले!

पुढच्या शनिवारी फलकावर नाव लागलं. निशिकांतरावांनी ते तीनदा वाचलं, सुलेखाताईंकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि साठाव्या वर्षी भर क्लबात खणखणीत शिट्टी मारली.