गाजरगवत नव्हे, कॉसमॉस

नवरा गेला त्या वर्षी मी अंगणात कॉसमॉस लावलं आणि मुरुम गावातल्या आमच्या गल्लीला बोलायला विषय मिळाला. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या आठवणीत लावलं असेल. छे! त्यांना फूल आणि मेथी यातला फरकही कळत नव्हता. फुलं मला आवडतात, म्हणून लावली. एवढं साधं उत्तर कुणाला पुरत नव्हतं.

धाकटी जाऊ तर तोंडावरच म्हणाली, "अक्का, आता फुलं कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

गौरी-गणपती उठल्यावर मी दारासमोरची पट्टी खुरप्यानं उकरली. काळं, सुईसारखं बी पेरून वर जराशी माती भुरभुरली. आमच्याकडं ज्याला त्याला शेणखताची पाटी ओतायची सवय, पण या झाडाचे लाड केले की नुसता पाला माजतो. म्हणून खत घातलं नाही. कोंब आले, बारीक चिरलेली पानं फुटली आणि मी रोज सकाळी चहा घेऊन तिथंच बसायला लागले. दिवसभरात माझी म्हणावी अशी तेवढीच वेळ होती.

एका दुपारी ब्लाउजचं अस्तर आणायला बाजारात गेले. परत येते तर पट्टी मोकळी. सगळी रोपं उकिरड्यावर, आणि सासूबाई हौदाशी बसून साबणानं कोपरापर्यंत हात धूत होत्या. सारा जन्म रानात गेलेली बाई. चिरलेलं पान दिसलं की त्यांना गाजरगवतच वाटायचं आणि मग हात थांबायचा नाही. खाज सुटू नये म्हणून तो साबण.

मी नको नको ते बोलले. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, की दारात लई माजलं होतं म्हणून काढलं. जावेनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. देवाच्याच मनात नव्हतं, असंही म्हणाली. देवाचं नाव निघाल्यावर मी जास्तच पेटले. त्याच संध्याकाळी पाकिटात उरलेलं बी पेरलं आणि भोवती बोराटीच्या काटेरी फांद्या रोवल्या.

संक्रांतीपर्यंत पट्टी फुलांनी भरली. गुलाबी, पांढरी आणि एकाच झाडाला गडद लाल. वास नाही, देवाला चालत नाहीत, असं म्हणणाऱ्या बायकाही दारात घटकाभर थांबायच्या.

मग घरात हळदीकुंकू निघालं. बायका आल्या की सासूबाईंनी आणि मी परसात बसायचं, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई दरवर्षी तशाच बसत आल्या होत्या. त्या दिवशी जाऊ कात्री घेऊन आली. तबकात लावायला तुमची फुलं द्या, शोभून दिसतील, म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फुलं पुढच्या खोलीत चालतात आणि लावणारी चालत नाही, हा कुठला न्याय?

"देते," मी म्हणाले. "पण फुलं जिथं, तिथं मी."

तिच्या हातातली कात्री घेऊन मीच फुलं कापली, एक गुलाबी केसात खोवलं आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर जाऊन बसले. एका बाईनं वाण न घेताच चपला घातल्या. तिचं तिनं बघावं. मी उठले नाही.

तेवढ्यात सासूबाई गुडघ्यावर हात टेकत मागच्या दारातून आल्या. मला वाटलं, हाताला धरून मला उठवणार.

"सरक," त्या म्हणाल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मग तबकाकडं बोट केलं. "म्या उपटलं तरी उगवलंच की. मला ते लाल दे."