हेलिपॅडचे पायलटकाका

पायलटकाका आयुष्यात कधी हेलिकॉप्टरमध्ये बसले नव्हते. मोताळ्याजवळच्या बंद सूतगिरणीचे ते वॉचमन. गिरणीमागे मालकांनी हौसेने हेलिपॅड बांधून घेतलं होतं, पण काका नोकरीला लागले त्याच्या आधीच तिथे शेवटचं हेलिकॉप्टर उतरून गेलं होतं. आपल्या पॅडवर एक तरी उतरताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आकाशात नुसती घरघर झाली, तरी ते शर्टाची वरची गुंडी लावत.

माझे बाबा गिरणीत इलेक्ट्रिशियन. गिरणी बंद पडली तरी आम्ही क्वार्टरमध्येच राहत होतो. बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेतून आले की मी पुस्तक घेऊन पॅडच्या कडेला बसायचे. मी कोणाशी फारशी बोलत नसे. घरी येणारे सगळे त्याचं कारण विचारत. काकांनी कधी विचारलं नाही. "तू गप राहते ते बरं हाय," ते म्हणत. "आवाज आला तर आयकू येते."

रोज सकाळी ते पॅडच्या फटींतलं गाजरगवत उपटत. दिवाळीआधी मधला मोठा एच पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवत. त्यावर चप्पल घालून पाय ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. एकदा कंपनीचे साहेब पाहणीला आले, तर काकांनी त्यांनाही अडवलं. "साहेब, बूट तेवढे इथंच काढा." साहेबांनी मुकाट्याने काढले आणि तापल्या सिमेंटवरून उड्या मारत पाहणी उरकली. आई काकांना चिडवायची, "काऊन घासून राह्यले हो? कोण येऊन राह्यलं?" ते म्हणत, "आपली जागा तयार पाहिजे. येणाराचं येणारा पाहीन."

मी बारावीत होते तेव्हा खरंच कोणीतरी येणार होतं. मोताळ्याच्या एका व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नासाठी हेलिकॉप्टर ठरवलं. मंडपाजवळच्या मैदानावरून विजेच्या तारा गेलेल्या, म्हणून परवानगी आमच्या पॅडची मिळाली. आठ दिवस काका नीट जेवले नाहीत. धूळ उडू नये म्हणून पाण्याचा टँकर मागवला.

त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला वाटत होतं. बोलून दाखवणं जमलं नसतं. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून मी पॅडवर रांगोळी काढली, पूर्ण वर्तुळभर, गुलाबी पाकळ्यांचं कमळ. दारात पाहुणा येणार तर रांगोळी हवीच. काका कडेकडेने फिरून बघत म्हणाले, "झकास. पायलट वरून पाहीन तं खूश होईन."

दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर आलं. दोन घिरट्या घातल्या आणि लांब निघून गेलं. व्यापाऱ्याचा माणूस फोन कानाला लावून ओरडत आला, "पायलट म्हणते एच कुठी हाय? खाली फूल दिसून राह्यलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टँकरचा पाइप ओढला आणि कमळावर पाणी सोडलं. मी खराटा घेऊन धावले. गुलाबी ओघळांतून एच वर आला, आणि तोवर आवाजही परत आला होता. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा आम्ही दोघं कडेला निथळत उभे होतो. नवरदेव उतरला, फेटा धरत गाडीत बसला. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पॅडला टेकलेल्या, हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या दोन लोखंडी पट्ट्यांकडे बघत होते.

पायलट तडक आमच्याकडे आला आणि इंग्रजीत चांगलाच चिडला. हे कोणी केलं, एवढं काकांनाही कळलं. "म्याच काढली, साहेब," ते म्हणाले. माझी बोटं गुलाबी होती. मी पुढे झाले आणि इंग्रजीत सांगितलं की ती मी काढली, यांचा काही दोष नाही. पायलटने माझ्या हातांकडे पाहिलं, मान हलवली, एक वाक्य बोलला आणि गेला.

"काय म्हणे?" काकांनी विचारलं.

"पुढच्या वेळी रांगोळी काढू नका म्हणे."

काकांचा चेहरा उजळला. "पुढच्या वेळी, असं म्हणे?"

मी म्हटलं, "हो."

पुढची वेळ आली नाही. वर्षभरात जागा विकली गेली, पॅडवर गोदाम उभं राहिलं, काका उंद्रीला लेकीकडे गेले. मागच्या महिन्यात मी फोन केला तर लेकीने उचलला. "बाबा पारावर गेले," ती म्हणाली. "हेलिकॉप्टर कसं उतरते ते कोणाले तरी सांगून राह्यले असतीन. अर्ध्या तासानं कर, आता मधात कोणाचं आयकत नाहीत."