टाकीवरचा पांढरा ओघळ

तिला सगळे धसकाताई म्हणत, आणि तिला ते पटतही होतं. अवेळी फोन वाजला की उचलण्याआधीच ती देवाचं नाव घ्यायची. कुलूप लावून जिना उतरली की परत चढून ते ओढून पाहायची. दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मदतनीस होती, तरी खुर्चीतल्या माणसानं 'आई गं' केलं की आधी हिचाच चेहरा उतरायचा. अशा बाईवर धाकट्या भावानं आपले चार गोल्डफिश सोपवले. भाऊ नळकाम करणारा, सडाफटिंग, बहिणीपेक्षा माशांशी जास्त बोलणारा. हृदयाच्या ऑपरेशनला जाताना म्हणाला, "ताई, माझी काळजी करू नकोस. यांची कर."

तिसऱ्याच दिवशी माशांच्या टाकीची काच पुसताना स्टीलच्या बादलीचा काठ तिला लागला. काचेवर रेघ उमटली आणि बघता बघता खोलीभर पाणी झालं. मासे तिनं ओंजळीनं कसेबसे बादलीत टाकले.

संध्याकाळी भावाचा फोन आला. ऑपरेशन पार पडलं होतं, पण आवाज खोल गेलेला. "मासे कसे आहेत?"

"मजेत," ती म्हणाली. त्याला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

शोधाशोध करून एका निवृत्त मास्तरांकडे जुनी टाकी मिळाली. "टाकी दणकट आहे. डाग तेवढे आहेत," मास्तर म्हणाले. "साबण मात्र लावू नका हं. जरा जरी राहिला तरी मासे गेलेच समजा."

डाग कसले, आतून चुना फासावा तशी काच पांढरीफटक होती. कित्येक वर्षं पाणी सुकून सुकून क्षार घट्ट बसले होते. धसकाताईनं नखानं खरवडून पाहिलं. नखच तुटलं. पण दातांवरचं किटण तिनं जन्मभर पाहिलेलं. घाई केली की इजा होते, हे तिला पक्कं माहीत होतं. जुन्या साडीच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून तिनं काचेवर चिकटवल्या, तासाभरानं काढल्या, जुन्या टूथब्रशनं घासलं, पुन्हा पट्ट्या लावल्या. सांध्यात काचा धरून ठेवणाऱ्या सिलिकॉनला ब्रश लागला की तिचा जीव वरखाली व्हायचा. मग स्वच्छ पाणी, एकदा, दोनदा, सातदा. तरी वास येतोय असंच वाटे. दवाखान्यातलं काम आटोपून आली की ती आधी बादलीत डोकवायची आणि मग घासायला बसायची. दोन दिवस असेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतला एक मासा उलटा तरंगत होता.

आतली काच लख्ख झाली. आता बाहेरून पुसायला घेतली, तर मागच्या कोपऱ्यात, सांध्यावरून खाली उतरलेला पांढरा ओघळ दिसला. आतलं पाणी बाहेर झिरपल्याशिवाय तो येणार कसा? ती तिथेच फरशीवर बसली.

तेवढ्यात भावाचा फोन. "मासे कसे आहेत?"

तिला 'मजेत' म्हणायचं होतं. पण हुंदकाच फुटला. फुटलेली टाकी, मेलेला मासा, मास्तर, ओघळ, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. 'याला काही झालं तर मीच मारलं,' असं तिच्या मनात आलं.

"ओघळ पुसलास का?" भावानं विचारलं.

"नाही रे अजून."

"बरं झालं. तो वर कुठून सुरू होतो ते बघ."

तिनं बोटं लावून पाहिलं. "काठापासून चार बोटं खाली."

"मग गळती तिथं आहे. त्याच्या खाली दुसरा ओघळ सुरू होतो का?"

"नाही, हा एकच आहे."

"काठापासून सात बोटं सोडून, गळतीच्या खालीच राहील असं पाणी भर. खाली वर्तमानपत्र घाल, एक दिवस बघ. अगं ताई, एवढ्यासाठी रडतेस? माझं हृदय शिवून पुन्हा चालू केलंय त्यांनी."

"गप रे," ती म्हणाली, पण तिला हसू आलं.

तिनं टाकी भरली. त्या दिवशी वर्तमानपत्र किती वेळा चाचपलं त्याला गणती नव्हती. दुसऱ्या दिवशीही कागद कोरडाच होता, आणि पाणीही खोलीच्या उबेला आलेलं. मग एकेक करून तीन मासे तिनं आत सोडले. ते कोपऱ्यात दडून बसले, आणि दुपारपर्यंत दाण्यासाठी वर येऊ लागले.

भाऊ घरी आला तो टाके दुखू नयेत म्हणून छातीला उशी धरून, पावलागणिक थांबत. टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ बसला. गेलेल्या माशाबद्दल एवढंच बोलला, "तो आधीपासूनच मलूल होता." ते खरं की तिला बरं वाटावं म्हणून, हे तिनं विचारलं नाही. त्याचं लक्ष नाही असं पाहून तिनं टाकीखालचा कागद हळूच चाचपला.