कापसातले डबे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बशीरला ओळखत नाही.

बशीर माझा शाळेपासूनचा मित्र, दारव्ह्यात मोटर मेकॅनिक. त्याचा आजा जत्रांमध्ये तंबू ठोकून मुका सिनेमा दाखवायचा आणि पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचा. नारळाचं बेट, मळेवाल्या साहेबावर जीव लावून बसलेली बाई, तिला टाकून जाणारं जहाज—मग वादळ. कळंबच्या बाया ढसाढसा रडायच्या म्हणे. त्या सिनेमाची रिळं आजानं पत्र्याच्या डब्यांत जपली होती. पुण्याचा एक जाणकार ती बघायला येणार होता. याची दुसरी प्रत कुठंच सापडलेली नाही, असं तो फोनवर म्हणाला, तेव्हापासून बशीरचे पाय जमिनीवर नव्हते.

पण जुनी फिल्म उष्णतेनं विरघळते, गॅरेजवर तापलेला पत्रा, आणि धाकटा भाऊ सलीम 'भंगारात दे' म्हणून मागे लागलेला. म्हणून डबे माझ्याकडे, घाटंजीला आले. "तुह्या घरी राहू दे गड्या," बशीर म्हणाला, "सलीमचा काही नेम नाही."

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. घराघरात आढ्यापर्यंत कापूस. ढिगात पुरू, ऊन लागणार नाही—हे मीच सुचवलं.

मग भाव जरा चढला. गाडी भरायच्या आदल्या संध्याकाळी मी कापसावर पाणी मारलं. वजन वाढतं—आमच्याकडे कोण मारत नाही? डबे विसरलो होतो, असं म्हणू का? नव्हतो विसरलो. एवढा ढीग कोण उपसणार, म्हणून राहू दिले. नेमकी व्यापाऱ्याची गाडी आठवडाभर आली नाही. ओला कापूस आतून तापतो, हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

डबे काढले तेव्हा गरम होते. आत काकवीसारखा चिकट लगदा. बाई नाही, बेट नाही, काहीच नाही. मी ते नाल्याकाठी पुरून टाकले.

इथवर चूक होती. पण बशीर आला तेव्हा मी म्हणालो, "सलीम येऊन घेऊन गेला ना! तूच पाठवलं म्हने."

का म्हणालो? ते नाव सोपं होतं—त्याच्या मनात आधीच होतं.

बशीर ओट्यावर बसला. "सख्ख्या भावानं दगा देल्ला रे मले," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

सलीमनं शपथा घेतल्या. बशीरनं भावावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. घर फुटलं. एकदा दारव्ह्याच्या बाजारात सलीम समोर आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, काहून केलं असं?" मी वांगी निवडत राहिलो.

दर ईदला बशीर शिरखुर्मा घेऊन येतो. मी खातो.

सलीम वारला तेव्हा बशीर कब्रस्तानात आला नाही. मी गेलो होतो. लोकांनी बशीरचा मित्र म्हणून वाट करून दिली, आणि मी मूठभर माती टाकली.