घट्टकाकांची झडप

त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. गावासाठी ते घट्टकाका. ज्या वस्तूला त्यांचा हात लागला, ती दुसऱ्याला उघडायची सोय नसे. बरणीचं झाकण त्यांनी लावलं की काकू ती बरणी घेऊन शेजारच्या सुताराकडे जायच्या, आणि सुतारही आधी तळहात चोळून घ्यायचा.

असा माणूस बंधाऱ्याच्या झडपेवर कामाला लागला. बंधाऱ्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला लांबच लांब पाणथळ, आणि मधे ही लोखंडी झडप. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, कारण काठावर भाजीवाल्यांचे वाफे होते. आधीच्या झडपवाल्याच्या काळात झडप बिनधास्त पाझरायची. काकांनी आल्या आल्या गंज खरवडला, वंगण भरलं, कडांना जुन्या टायरचं रबर बसवलं. भरतीच्या वेळी झडपेला कान लावून बसायचे. थेंबाचाही आवाज आला नाही की चेहरा असा खुलायचा, जणू घरात नातवंड झालंय.

काकू नाव चालवायच्या. पलीकडच्या वस्तीतली माणसं बाजाराला, दवाखान्याला त्यांच्याच नावेतून यायची. नाव वडिलांची, आणि वल्हं मारायची लकबही वडिलांचीच.

तर झडप घट्ट बसली आणि पाण्यात जलपर्णी दिसायला लागली. आधी चार पानं, मग चटईएवढी, मग सगळं पाणीच हिरवंगार. वर जांभळी फुलं. बंधाऱ्यावरून बघणारे म्हणायचे, वा, काय शोभा आहे! काकूंच्या वल्ह्याला मात्र मुळं अशी लपेटायची की नाव जागची हलेना. उपसून काठावर टाकावी, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेवढीच. लोक कंटाळून लांबच्या रस्त्याने पायी जायला लागले. शेवटी एका सकाळी काकूंनी चहाचा कप काकांपुढे आदळला आणि सांगून टाकलं, की नाव विकायला काढलीय, कोळंबीवाला बघायला येणार आहे.

काकांनी चहा तसाच ठेवला. ते तडक काठाकाठाने हिंडायला निघाले. झडपेच्या कोपऱ्याशी येऊन थबकले. तेवढ्याच तुकड्यात जलपर्णी पिवळी पडून कुजली होती. दुसऱ्या कुणी यातून काय ओळखलं असतं ते सोडा. काकांच्या कानावर थेंबांचा आवाज आला आणि त्यांनी ओळखलं ते एवढंच, की आपली झडप गळतेय! धावत जाऊन टायरचा तुकडा आणला आणि कोपरा असा बुजवला की मुंगी शिरू नये. पुढे तिथेही लुसलुशीत पानं आली. काकांना वाटलं, चला, एक काम तरी नीट झालं.

मग पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी कशीबशी नाव रेटत ठिकठिकाणी यंत्र बुडवलं आणि काठावर बसून दोघांना समजावलं. ही जलपर्णी गोड्या, साचलेल्या पाण्यात फोफावते. गावच्या नाल्याचं सांडपाणी तिला खतासारखं मानवतं. मीठ मात्र तिला सोसत नाही. पूर्वी भरतीचं पाणी झिरपायचं, म्हणून ती डोकं वर काढत नव्हती. एवढं सांगून बाईंनी विचारलं, की इतक्यात ती कुठे आपोआप मेलेली दिसली का?

"दिसली की," काका छाती काढून म्हणाले. "झडपेच्या कोपऱ्यात. तिथे गळत होतं, मी लगेच बुजवलं."

बाई खाली बघून यंत्र पुसायला लागल्या. काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे मी इकडे कंबर मोडून उपसतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडे तिची बडदास्त ठेवताय."

बाईंनी भाजीवाल्यांना गाठून ठरवलं, की उन्हाळ्यात वाफे रिकामे झाले की मोठ्या भरतीला झडप उघडायची, राहिलेलं मीठ पावसात धुऊन जाईल. तोवर नाव विकू नकोस म्हणून काका काकूंच्या मागे लागले. काकूंनी कोळंबीवाल्याचं येणं पुढे ढकललं आणि त्या एवढंच म्हणाल्या, की आधी पाणी दिसू दे.

भरतीचा दिवस उजाडला आणि झडप काही हलेना. काकांनी जोर लावला, भाजीवाल्यांनी लावला, बाईंनीही बाह्या सरसावल्या. काकांचं काम ते, सहज थोडंच सुटणार? अखेर त्यांनीच सुरी घेतली आणि एवढ्या मायेने बसवलेलं रबर ओठ आवळून कापून काढलं. झडप कुरकुरत वर गेली आणि समुद्र फेसाळत आत शिरला.

पुढच्या भरत्यांना जलपर्णी पिवळी पडली, मग काळी, मग तिचा असा वास सुटला की गावाने काकांच्या नावाने बोटं मोडली. पण पाणी मोकळं झालं. कोळंबीवाला आला तेव्हा नावेत पाय ठेवायला जागा नव्हती. नाव बघायला आला होतात ना, बघून झाली असेल तर बाजूला व्हा, असं म्हणत काकूंनी नाव लोटली.

काकाही मोठ्या ऐटीत पुढे बसले होते. नाल्याच्या तोंडाशी नाव अडकली. तिथे नाल्याचं गोडं पाणी, त्यामुळे खाऱ्याचा जोर चालत नव्हता आणि जलपर्णी खुशाल फुलली होती. काकूंनी मुळं लपेटलेलं वल्हं काढून नवऱ्याच्या हातात दिलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "एवढ्याला मीठ नाही पुरणार. हात लावा."

सगळ्या नावेदेखत काका अस्तन्या वर करून मुळं ओढायला वाकले.