वेलींच्या फळीवरचं वेल्स

शालिग्राम वाचनालयवाला विलायतेला चालला, अशी आवई बुलढाण्यात आमच्या गल्लीत उठली, तेव्हा सगळ्यात जास्त दचकली ती त्याची बायको अन्नपूर्णाबाई. तिला बातमी मिळाली नळावर, गोजरबाईकडून. आणि गोजरबाईकडची बातमी तिखटमीठ लागल्याशिवाय कधी बाहेर पडत नसे. "नोकरी सुटली की तिकडंच राहणार म्हन्ते तो. वेल का काय नाव हाय त्या मुलखाचं."

विलायत कसली! हा गडी उभ्या जन्मात शेगावच्या स्टेशनापलीकडे गेला नव्हता, आणि तिथेही गाडीत चढला नव्हता. पाव्हण्याला पोचवायला गेला होता. खरं एवढंच, की निवृत्तीला सहा महिने उरले असताना तो दुपारी भाकर तशीच ठेवून इंग्रजी पुस्तकात नाक खुपसून बसायचा. पुस्तकं होती वेल्स नावाच्या देशातल्या जुन्या कथांवरची.

ती त्याच्या गळ्यात पडली त्याच्याच हातानं. त्रेपन्न साली कोण्या साहेबाची पुस्तकांची पेटी वाचनालयाला मिळाली. दिवसभर शिडी चढून-उतरून शालिग्रामचे गुडघे बोलत होते, धुळीनं घसा बसला होता, आणि शेवटी नोंदवहीत चढवायला उरली सुतळीनं बांधलेली तीन जाड पुस्तकं. वरती शब्द होता 'वेल्श'. आत अनुक्रमणिकेत पहिली ब्रँच, दुसरी ब्रँच. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीत ब्रँच म्हणजे फांदी. वेल आहे, फांद्या आहेत, मग अजून काय पाहिजे? त्यानं लिहून टाकलं : 'वेलींच्या फांद्या व लागवड'. लागवड पदरची घातली. पुस्तकं गेली शेतीच्या फळीवर.

पहिला फसला रोहिणखेडचा जानराव. दोडक्या-कारल्याचा माणूस, इंग्रजी येत नव्हतं, पण गावच्या मास्तराकडून वाचून घेईन म्हणाला. आठ दिवसांनी गठ्ठा टेबलावर आदळला.

"माये मांडव उभे हायेत, शालिग्राम, अन् तू मले हे काय देल्लं बे? मास्तर पोट धरून हासला. याच्यात राजे हायेत म्हन्ते, राजे!"

"राजे? वेलीवर?"

"तूच पाह्य आता!"

शालिग्रामनं पाहिलं, आणि कान तापले. चूक दुरुस्त करायची तर अध्यक्षांची सही हवी, सहीसाठी कारण हवं, आणि कारण म्हणजे शालिग्राम. राहू दिलं. पण आपण कशाला वेल म्हटलं, ते तरी कळावं म्हणून शब्दकोश घेऊन बसला. आठवड्याला दीड पान. वरती चार ओळी कथा, खाली पंडितांच्या तळटीपा : हा तुकडा जुना, तो मागून जोडलेला, अमका चुकला, तमका त्याहून चुकला. वाचता वाचता डुलकी लागायची. पण मधूनच एखादी गोष्ट निघे. तिकडचे कथेकरी राजाच्या बैठकीत कथा सांगत, आणि कथेच्या भागाला फांदी म्हणत. एका फांदीत मांत्रिकांनी फुलं गोळा करून त्यांची चक्क बाई घडवली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जानरावाला बसवून त्यानं ती बाई सांगितली. जानराव बिडी विझेपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "करडीच्या फुलाची असन. पिवळी." मग गठ्ठा पुन्हा घेऊन गेला, घरी दाखवायला, वाचायला नव्हे. त्याच्यामागून माळवं पिकवणारे आणखी लोक येऊ लागले. कोणी चुकून, कोणी त्या बाईसाठी. कोणी तिला अंबाडीच्या फुलांची केली, कोणी भोपळ्याच्या. प्रत्येकाला शालिग्रामच सांगणार; सांगून सांगून जीभ जड व्हायची.

"घरी मले हूं म्हन्याची ताकद नाई तुमच्यात," अन्नपूर्णाबाई म्हणायची, "अन् तिथं लोकाईले कथा!"

मग महाराष्ट्र राज्याला पाच वर्षं झाली त्या वर्षी रंगराव आले. नवे ग्रंथपाल, नागपुरात शिकलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यांनी फर्मान काढलं : दहा वर्षांत बाहेर न गेलेलं पुस्तक रद्दीत. सकाळी इंग्रजी साहित्याची फळी उतरवली, तर पुस्तकांतून मातीच भळभळली. पुठ्ठे शाबूत, आत वाळवीची घरं. शालिग्रामनं ती माती सुपात गोळा केली. दुपारी शेतीची फळी आली, आणि रंगरावांच्या हातात तो सुतळीचा गठ्ठा.

"शालिग्रामजी, हे काय? वेल्स हा देश आहे!"

"हो साहेब. नंतर समजलं."

"नंतर म्हणजे?"

"बारा वर्सं झाले."

रंगरावांनी गठ्ठा रद्दीच्या ढिगावर टाकला. "बुलढाण्यात हे कोण वाचणार?"

शालिग्राम एरवी साहेबापुढे न बोलणारा. तीस वर्षं त्यानं मान हलवूनच काढली होती. पण तो वाकला, गठ्ठा उचलला, धोतरानं पुसला आणि आतली तारखांची चिठ्ठी उघडून समोर धरली.

"फर्मानात बसते का पाहा."

रंगरावांनी शिक्के मोजले. सात. शेवटचा मागच्या पोळ्याचा. नावांची यादी काढली : जानराव, कचरू, पुन्हा जानराव, इंद्रभान...

"हे सगळे भाजीवाले! वेलीचं पुस्तक समजून नेलंय यांनी!"

"अर्धे. बाकीचे समजूनच घेऊन गेले."

नियम रंगरावांचाच होता. गठ्ठा ढिगावर परत टाकायला हात जाईना. त्यांनी तो शेतीच्या फळीवर ठेवला, पण पेन काढून शेवटचा वार केलाच : "नोंद मात्र मी सुधारणार. बारा वर्षं पुस्तक चुकीच्या फळीवर! लाज वाटायला पाहिजे, शालिग्रामजी."

शालिग्राम सकाळच्या सुपाशेजारी स्टुलावर टेकला, गुडघा चोळला आणि म्हणाला, "चुकीच्या फळीवर होतं म्हून सात खेपा उघडलं, साहेब. तुमची जी बरोबर फळी, तिच्यावरचे सारे वाळवीनं वाचून काढले."