परत आलेल्या मेलवरचा शेरा

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या ठेकेदाराने मच्छीमार संस्थेला फसवलं, आणि संस्थेने आपल्याच लिपिक मुलीला. दोन्ही गोष्टी मी तपासात सिद्ध करून दिल्या होत्या. पहिलीसाठी एक माणूस आत गेला. दुसरीसाठी कोणी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. ही जात नाही, म्हणून लिहायला बसलो. नावं कोणाचीच देत नाही.

वसईच्या किनाऱ्यालगतचं पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. हद्दीतल्या एका मच्छीमार संस्थेचं पापलेट आणि कोळंबी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीला जायची. संस्थेची लिपिक दुपारी त्या दिवसाचे भाव मेलने पाठवायची, संध्याकाळपर्यंत कंपनीची ऑर्डर यायची. त्या मोसमात ऑर्डरी येईनाशा झाल्या. एक खासगी व्यापारी संस्थेपेक्षा किंचित कमी भाव सांगून कंपनीच्या ऑर्डरी पटकावत होता. बोटी भरून येत होत्या आणि माल बर्फात पडून राहत होता.

एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष दोन संचालकांना घेऊन ठाण्यात आले. मागे ती मुलगी. पाचूबंदरची, कोळी ख्रिस्ती घरातली, पदवीधर. तिला बसा असं कोणी म्हणालं नाही. मी म्हणालो.

"साहेब, आमचे भाव ही त्या व्यापाऱ्याला फोडते," अध्यक्ष म्हणाले. "मेल हीच टाकते. कंपनीत तक्रारींसाठी नवीन अधिकारी आलाय, त्याला पाठवलेले मेल तर सगळे परत येतात. सर्व्हरवाला म्हणतो, ही मुद्दाम चुकीचा पत्ता टाकते. कालच्या सभेत हिला काढल्याचा ठराव केलाय."

"ठराव झाला ना? मग माझ्याकडे कशाला आलात, शिक्का मारायला?"

"गुन्हा दाखल करा. दोन दिवस आत बसली की बोलेल."

"कोणाला आत बसवायचं ते मी ठरवतो. तुम्ही अर्ज द्या आणि निघा."

माझा आवाज चढला होता. चढायचाच. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. त्याआधी आईच्या भाजीच्या गाळ्यावर बसायचो. घासाघीस मला शाळेच्या आधी आली. वसईच्या बाजारात मासळीवाली मावशी मला बघून शेजारणीला सांगायची, "झाक ती टोपली, साहेब आला. फुकट नाय मागत, पन रडवून नेतो." तेव्हा भाव कसे ठरतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. अंदाजाने भाव लावणारा कधी खूप खाली जातो, कधी वर राहतो. हा व्यापारी रोज फक्त किंचित खाली होता. म्हणजे संस्थेचा आकडा बघून तो आपला आकडा टाकत होता. कोणीतरी दाखवत होतं, एवढं खरं. पण ती मुलगीच दाखवत होती, हे कशावरून?

मुलीचा बाप तांडेल, स्वतःची बोट चालवणारा. तो आवारात उभा होता. मी बाहेर आलो तसा जवळ आला.

"साहेब, बंदरावर आता आमच्याशी कोन बोलत नाय. लिलावाला माझी टोपली आली का बाया तोंड फिरवतात. पोरीचं सोडा, माझी बायको चर्चला जायची बंद झाली."

"पोरीने केलं असेल तर?"

"केलं असेल तर मीच घेऊन येतो तिला. पन आधी सांगा, केलं का?"



खबर आली ती बर्फवाल्याकडून. सगळ्या बोटींना बर्फ पुरवणारा हा माणूस कान उघडे आणि तोंड बंद ठेवून असायचा. त्याचा फोन आला. "साहेब, चुकीच्या घरात मासा शोधताय. पोरगी बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर होती. तेव्हा मेल सेक्रेटरी टाकायचे. भाव तेव्हाही फुटला."

"मग कोण फोडतंय?"

"ते तुमचं काम. माझं बर्फाचं."

सेक्रेटरींना विचारलं, त्यांनी कुरकुरत कबूल केलं. परत आलेला एक मेल मी त्यांच्याकडूनच छापून घेतला आणि मुलीला पुन्हा बोलावलं. माझं इंग्रजी कामापुरतं. त्यातलं एक वाक्य मात्र लगेच कळलं. या नावाचा कोणी इथे नाही, असा त्याचा अर्थ होता.

हे वाक्य मी नोकरीभर मराठीत वाचत आलो होतो. कोर्टाचं समन्स बजावायला हवालदार जातो आणि माणूस भेटला नाही की मागे शेरा मारतो, 'सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही'. यातले काही शेरे खरे असतात. काही नाक्यावरच्या टपरीत चहा पिता पिता लिहिलेले असतात. असं समन्स परत आलं की मी एकच गोष्ट विचारायचो. शेरा लिहिला कोणी, आणि कुठे बसून? त्यावर भल्याभल्या हवालदारांना घाम फुटलेला मी पाहिलाय.

मी कंपनीच्या ऑफिसला फोन लावून त्या नवीन अधिकाऱ्याला मागितलं. तो लगेच फोनवर आला, आणि तोही वैतागलेलाच. "तुमच्या त्या संस्थेकडून मला एक मेल येत नाही. झोपलेत का ते?"

म्हणजे इसम पत्त्यावर होता, खुर्चीत बसलेला होता. मी माझ्या फोनवरून त्याच पत्त्यावर मेल टाकला. पोचला. त्याने उलट उत्तरही दिलं.

मुलीला म्हणालो, "पत्ता बरोबर आहे. मग हा शेरा कोणी मारला?"

तिने कागद जवळ ओढला. मेल परत करणाऱ्या सर्व्हरचं नाव वरच छापलेलं होतं. तिने ते पुन्हा वाचलं. "सर, हा आपलाच आहे. संस्थेचा."

"म्हणजे समन्स घेऊन हवालदार फाटकाबाहेर पडलाच नाही?"

"नाही सर. आपल्याच सर्व्हरने सांगितलं की कंपनीत असा माणूस नाही."

"कंपनीत कोण आहे, कोण नाही, हे त्याला कसं ठाऊक?"

तिने सर्व्हरच्या नावावर बोट ठेवलं. "ठाऊक असायला नको, सर."

तपास तिथे फिरला. सर्व्हरचं काम टपाल कचेरीसारखं. दुसऱ्याचं टपाल दुसऱ्याच्या दारात द्यायचं, आत कोण राहतं ते त्या घराने सांगायचं. दारापर्यंत न जाताच जो आत कोणी नाही म्हणतो, त्याला कोणीतरी पढवलेलं असतं की ते घर तुझंच आहे. संस्थेच्या सर्व्हरला असं पढवू शकणारा माणूस एकच होता.

ठेकेदाराचं ऑफिस बोळिंजला, काचेचं दार, आत एसी. तो ठाण्यात आला तेव्हा घाईत होता. मी त्याला ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसवून ठेवलं. शेजारी पाकीट मारलेला एक, सासूशी भांडून आलेला एक. तासाभरात घाई उतरते. मग आत घेतलं.

"सर, बाऊन्स येतो म्हणजे अ‍ॅड्रेस राँग. सिंपल आहे."

"अ‍ॅड्रेस बरोबर आहे. माझा मेल गेला."

"मग त्यांचा सर्व्हर डाऊन असेल."

"बंद पडलेला सर्व्हर 'असा माणूस इथे नाही' असं सांगतो का?"

"सर, हे टेक्निकल आहे, तुम्हाला समजावायला वेळ लागेल."

"मला वेळच वेळ आहे. तुझाच जाईल. शेऱ्यावर नाव तुझ्या सर्व्हरचं आहे. तुझा सर्व्हर मुंबईच्या कंपनीत कामाला कधी लागला?"

त्याने पाणी मागितलं. मी दिलं. आरोपी पाणी मागतो तेव्हा त्याला विचार करायचा असतो. करू द्यावा. त्यातून सुचलेली सबब पहिलीपेक्षा कच्ची निघते. यालाही सुचली. सर्व्हर बदलताना चुकून काहीतरी राहिलं असेल, म्हणाला.

"ठीक आहे. चूक पंचांसमोर बघू."

दोन पंच बोलावले, सायबर शाखेचा अंमलदार बसवला, ठेकेदाराच्याच हाताने सर्व्हर उघडून घेतला. कंपनी जणू संस्थेच्याच सर्व्हरवर राहते, अशी नोंद त्यात केलेली होती. त्या खोट्या कंपनीत मेलची एकच पेटी होती, ज्याला रोज भाव जायचे त्या खरेदी व्यवस्थापकाच्या नावाची. संस्थेचे भाव मुंबईला न जाता त्या पेटीत पडायचे. तिथून नक्कल व्यापाऱ्याला जायची. त्याचा भाव कंपनीत पोचल्यावर संस्थेचा मेल सावकाश पुढे सोडला जायचा. कंपनीने नवीन अधिकारी नेमल्याचं ठेकेदाराला कळलं नव्हतं. त्याच्या नावाची पेटी उघडायची राहिली, म्हणून फक्त त्याचेच मेल परत येत होते. मेल परत येतात अशी तक्रार संस्थेने केली, तेव्हा गडी सावध झाला आणि बोट मुलीकडे दाखवून मोकळा झाला.

पंचनाम्यावर त्याने सही केली. मग म्हणाला, "सर, डील असते ही. सगळीकडे चालते." व्यापाऱ्याचं नाव त्याने जबाबात दिलं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदवून मी ठेकेदाराला अटक केली. दोषारोपपत्रात व्यापाऱ्याचं नाव घातलं होतं. वरून कागद परत आला, पुरावा अपुरा. मी वरिष्ठांच्या दालनात जाऊन विचारलं की नक्कल रोज ज्याच्या दारात पडली त्याच्याविरुद्धचा पुरावा अपुरा कसा. मी हळू बोललो नाही. पुढच्या आठवड्यात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली आणि निवृत्तीपर्यंत मी वायरलेस ऐकत बसलो. त्याचं दुःख आता उरलं नाही. कंटाळा उरलाय.

जाण्याआधी मी संस्थेत गेलो होतो. अध्यक्षांसमोर पंचनाम्याची प्रत ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही.

"बरं झालं साहेब, चोर सापडला. मुलीचं बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ."

मुलीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "सर, नोकरी परत नकोच मला. तो ठराव तेवढा मागे घ्यायला सांगा."

ठराव आजही तसाच आहे. ती कामणच्या एका गोदामात माल पाठवण्याच्या विभागात काम करते. त्याआधी दोन ठिकाणी तिची निवड होऊन रद्द झाली, कारण तिथल्या लोकांनी संस्थेत फोन करून चौकशी केली आणि संस्थेने सांगितलं, भाव फोडल्याबद्दल काढली होती. गोदामाच्या मालकाने फोन केला नाही, म्हणून तिथे टिकली. बाप आता मासळी संस्थेला देत नाही, अर्नाळ्याला उतरवतो. जाऊन येऊन डिझेल जास्त लागतं, पण तो त्याबद्दल बोलत नाही.

या केसने मला एवढंच शिकवलं की आरोप करायला लोकांना पुरावा लागत नाही आणि तो मागे घ्यायला कुठलाच पुरावा पुरत नाही. चोर पकडणं त्या मानाने सोपं. मी ते केलं. पुढचं माझ्या अधिकारात नव्हतं.

ज्यांच्या अधिकारात होतं ते अध्यक्ष अजून त्याच खुर्चीत आहेत. त्यांना माझं लेखी विचारणं आहे. कोर्टाने ठेकेदाराला दोषी ठरवल्यानंतरही, फोन करणाऱ्या माणसाला तुमचं ऑफिस त्या मुलीबद्दल काय सांगतं, आणि कोणाच्या हुकमाने सांगतं? उत्तर मला देऊ नका. पाचूबंदरला जा, तिच्या बापाच्या दारात उभे राहा, आणि त्याला द्या.